चित्रातला गेंडा, समोरचा गेंडा

२० मे १५१५ रोजी लिस्बनच्या बंदरात गोव्याहून आलेले एक जहाज लागले. मसाल्याच्या मालाबरोबर त्यातून एक जिवंत गेंडा उतरवण्यात आला. रोमन साम्राज्य बुडाल्यानंतर युरोपच्या भूमीवर जिवंत गेंड्याने पाय ठेवल्याची ही पहिली नोंद. हजार वर्षांहून अधिक काळ तिथल्या विद्वानांना गेंडा ठाऊक होता तो जुन्या लॅटिन ग्रंथांतून. सामान्य माणसाच्या मनात तर गेंडा आणि गोष्टीतला एकशिंगी घोडा यांची सरमिसळच झालेली होती. दुर्मीळ प्राणी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला की माणसाच्या मनात काय घडते, हे समजून घ्यायला गेंड्याइतके चांगले उदाहरण मिळणे कठीण. गेल्या पाचशे वर्षांत निरनिराळ्या गावी लोकांनी तो पहिल्यांदा पाहिला आणि दर वेळी कोणी ना कोणी त्याचे चित्र काढून, वर्णन लिहून किंवा मोजमाप घेऊन ठेवले. या कहाणीचा एक धागा गोव्यातून निघतो, दुसरा पुण्यातून.

लिस्बनला गेलेला गेंडा मूळचा गुजरातच्या सुलतानाचा. गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्क याला दीवला किल्ला बांधायचा होता. त्यासाठी त्याने सुलतान दुसरा मुझफ्फरशाह याच्याकडे वकील पाठवले. सुलतानाने परवानगी दिली नाही, पण वकिलांना रिकाम्या हाती परतही पाठवले नाही. भेटवस्तूंमध्ये हा गेंडा दिला. अल्बुकर्कने तो आपला राजा मॅन्युएल याला नजर करायचे ठरवले. जानेवारी १५१५ मध्ये जहाज गोव्याहून सुटले. गेंड्याबरोबर त्याचा भारतीय राखणदार होता, त्याचे नाव पोर्तुगीज कागदपत्रांत ‘ओसेम’ असे येते. मोझांबिक, सेंट हेलेना, अझोर्स असे मुक्काम करीत चार महिन्यांत जहाज पोहोचले. जनावराबरोबर त्याचे नावही समुद्र ओलांडून गेले: पोर्तुगीज लोक त्याला ‘गंडा’ म्हणू लागले.

राजाला एक जुनी गोष्ट पडताळून पाहायची होती. हत्ती आणि गेंडा हे हाडवैरी असतात, असे रोमन लेखक प्लिनीने सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते. ३ जूनला दोघांना समोरासमोर उभे करण्यात आले. गेंडा सावकाश पुढे सरकला. हत्ती बिथरला आणि पळून गेला. पाहणाऱ्यांनी प्लिनी खरा ठरला असा निष्कर्ष काढला. गर्दीच्या गोंगाटाने बुजलेला एक कोवळा हत्ती पळाला, एवढेच त्या दिवशी खरे म्हणजे सिद्ध झाले होते. प्राणी समोर असतानाही माणसे त्याच्यात ग्रंथातले वाक्य शोधत होती.

लिस्बनमधून या गेंड्याचे वर्णन करणारे पत्र आणि एक कच्चे रेखाटन जर्मनीत न्युरेम्बर्गला पोहोचले आणि आल्ब्रेख्त ड्युररच्या हाती पडले. ड्युरर त्या काळातला थोर चित्रकार, सोनाराचा मुलगा, चिलखते घडवणाऱ्यांसाठी नावाजलेल्या शहरात वाढलेला. गेंडा त्याने कधीच पाहिला नाही. पत्र आणि रेखाटन यांवरून त्याने लाकडी ठसा तयार करवून घेतला आणि चित्र छापले. त्यातला गेंडा जणू चिलखत चढवून उभा आहे. अंगावर पत्र्यासारखे जाड तुकडे, त्यांच्या कडेला ठोकलेल्या खिळ्यांसारखे ठिपके, पायांवर खवले, आणि खांद्यांच्या वर, मानेच्या मागे आणखी एक छोटे पीळदार शिंग. हे शिंग कोणत्याही गेंड्याला नसते. बाकीचे मात्र निव्वळ कल्पनेतून आलेले नाही. भारतीय गेंड्याच्या कातडीला खरोखरच मोठ्या घड्या असतात, खांद्यांवर आणि पुठ्ठ्यांवर गाठीगाठींसारखे फोड असतात. ऐकीव वर्णनातून ड्युररने त्या घड्यांचे पत्रे केले आणि गाठींचे खिळे. चित्र इतके जिवंत उतरले की त्याच्या हयातीतच हजारो प्रती खपल्या आणि पुढची दोनशेहून अधिक वर्षे युरोपातल्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांतून तोच गेंडा, त्या जादा शिंगासह, पुन्हा पुन्हा छापला गेला.

त्याच वर्षी हान्स बुर्कमायर या दुसऱ्या जर्मन चित्रकारानेही त्याच गेंड्याचे चित्र छापले होते. त्यात जादा शिंग नाही, चिलखत नाही, आणि पुढच्या पायांना बांधलेले बंधन स्पष्ट दिसते. या चित्राची आज एकच प्रत उरली आहे. लोकांना चिलखतवाला गेंडा आवडला, पाय बांधलेला नाही.

त्या गेंड्याचा शेवट त्याच बंधनाने झाला. मॅन्युएल राजाने तो पोप दहावा लिओ याला भेट म्हणून रवाना केला. गळ्यात हिरव्या मखमलीचा पट्टा घालून. वाटेत मार्सेयजवळच्या बेटावर फ्रान्सच्या राजाने त्याला पाहिले. १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात जहाज बुडाले. गेंडा उत्तम पोहतो, पण हा डेकवर साखळदंडांनी जखडलेला होता.

डोक्यात चित्र आधी आणि प्राणी नंतर, हा क्रम आजही बदललेला नाही. मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, मार्च २०१७ मध्ये पेंग्विन लोकांना पाहायला खुले झाले. २०१६ च्या जुलैत दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले होते. त्यांतला एक काही महिन्यांतच दगावला. काचेसमोर उभ्या राहणाऱ्या मुलांनी पेंग्विन त्याआधी पाहिलेला असतो तो टीव्हीवरचा: अंटार्क्टिकाच्या बर्फावर उभा, उंच, भारदस्त. समोर दिसतो तो जेमतेम दोन-सव्वादोन फुटांचा, पाण्यात बाणासारखा सुटणारा पक्षी. हम्बोल्ट पेंग्विन बर्फात राहतच नाही. पेरू आणि चिलीच्या कोरड्या, खडकाळ किनाऱ्यांवर तो बिळे करून घरटी करतो. ‘बर्फ कुठेय?’ हा मुलाचा प्रश्न म्हणजे डोक्यातले चित्र दुरुस्त व्हायला लागल्याची खूण. त्याचे उत्तर काचेपाशीच मिळायला हवे, आणि ते देणारे माणूस प्रत्येक प्राणिसंग्रहालयात असायला हवे.

युरोपच्या डोक्यातला ड्युररचा गेंडा दुरुस्त केला तो एका मादीने. १७३८ च्या सुमारास आसामच्या बाजूला शिकाऱ्यांनी तिची आई मारली, तेव्हा ती महिन्याभराची होती. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधल्या वखारीचा प्रमुख यान आल्बर्ट सिख्टरमान याने ती घरी वाढवली. पिल्लू असताना ती घरभर मोकळी हिंडत असे, पाहुण्यांच्या पंगतीत ताटांपाशी येत असे. घरात मावेनाशी झाल्यावर तिला डौवे माउट व्हान डर मीर या डच कप्तानाने घेतले. तिच्या कातडीला माशाचे तेल चोळत, समुद्रमार्गे १७४१ च्या जुलैत त्याने तिला रॉटरडॅमला नेले. पुढची सतरा वर्षे, मोठ्या लाकडी गाडीत घालून, तो तिला गावोगाव दाखवत फिरला. क्लारा हे तिचे नाव.

क्लाराच्या जाहिरातीची पत्रके आजही उपलब्ध आहेत. ती दिवसाला साठ पौंड गवत आणि वीस पौंड पाव खाते आणि चौदा बादल्या पाणी पिते, असे त्यांत छापलेले असे. पण लोक केवळ खुराकाचे आकडे ऐकायला येत नव्हते. बर्लिनमध्ये प्रशियाचा राजा फ्रेडरिक आला, पॅरिसमध्ये तिची चर्चा दरबारापासून बाजारापर्यंत पोहोचली. मायसनच्या कारखान्यात तिच्या चिनी मातीच्या मूर्ती झाल्या. लायडनचा शरीरशास्त्रज्ञ आल्बिनस याच्या मानवी सांगाड्याच्या प्रसिद्ध चित्रांत पार्श्वभूमीला क्लाराच चरताना दिसते. १७४९ मध्ये झाँ-बाप्तिस्त उद्री याने पॅरिसमध्ये तिचे चित्र काढले, तेही तिच्या पूर्ण आकाराचे, साडेचार मीटर रुंद कॅनव्हासवर. निसर्ग-अभ्यासक ब्युफाँ याने तिचे निरीक्षण करून वर्णन लिहिले. प्रत्यक्ष समोर उभ्या असलेल्या जनावरापुढे खांद्यावरच्या शिंगाचा टिकाव लागला नाही. अडीच शतके छापला गेलेला चुकीचा गेंडा क्लाराच्या भ्रमंतीनंतर शास्त्राच्या पुस्तकांतून हळूहळू मागे पडला.

तिच्या सगळ्या चित्रांत सर्वांत खरे वाटते ते व्हेनिसच्या प्येत्रो लाँगीने १७५१ च्या कार्निव्हलात काढलेले. पुढच्या बाजूला पेंढ्यात क्लारा उभी आहे, खाली मान घालून गवत चघळते आहे. तिच्याजवळ लीद पडली आहे, तीही चित्रकाराने वगळलेली नाही. मागे लाकडी बाकांवर मुखवटे घातलेली श्रीमंत मंडळी, आणि डाव्या बाजूला राखणदार हात वर करून काहीतरी दाखवतो आहे. ते तिचे शिंग आहे. आदल्या वर्षी रोममध्ये ते गळून पडले होते. गेंड्याचे शिंग हाडाचे नसते. केस आणि नखे ज्या केराटीनची बनतात त्याचेच असते. कठड्यांवर, भिंतींवर सतत घासून ते झिजते, कधी पूर्ण सुटते आणि पुन्हा उगवते. बाकांवर बसलेल्यांपैकी जनावराकडे निरखून पाहणारे क्वचितच कोणी दिसते. ज्यासाठी पैसे मोजले ते शिंग राखणदाराच्या हातात आणि शिंगाची मालकीण गवत खाण्यात गुंग, असा तो क्षण आहे. १४ एप्रिल १७५८ रोजी लंडनमध्ये क्लारा मेली. वय जेमतेम वीस. भारतीय गेंडा चाळीस वर्षे सहज जगू शकतो.

क्लारा युरोपात फिरून गेल्यानंतर तीनेक दशकांनी गेंड्याचे एक चित्र पुण्यात काढले गेले. पेशव्यांचा शिकारखाना, म्हणजे जनावरांचा संग्रह, पर्वतीच्या पायथ्याशी होता. सवाई माधवराव पेशव्यांना जनावरांची मनापासून आवड होती. पुण्याच्या दरबारातला इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याने गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट या पुण्याच्या चित्रकाराकडून बरीच चित्रे करवून घेतली. वेरूळच्या लेण्यांची गंगारामाने केलेली रेखाटने अभ्यासकांना परिचित आहेत. त्याच गंगारामाने १७९० च्या सुमारास पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा चितारला. हे चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. आडनावाप्रमाणे गंगाराम तांबटांच्या घरातला. सोनाराच्या मुलाने न पाहिलेल्या गेंड्यावर चिलखत चढवले होते. तांबटाच्या समोर मात्र जनावर उभे होते. गेंडा महाराष्ट्राच्या रानांतला प्राणी नव्हे. तेव्हा पर्वतीखाली तो पाहायला मिळणे हे पुणेकरालाही लिस्बनकराइतकेच नवलाचे असणार. फरक एवढाच की लिस्बनच्या गेंड्यावर ग्रंथ भरले आणि पुण्यातल्या गेंड्याची आठवण सांगायला मुख्यतः एका पुणेकराचे चित्र उरले. मराठी वाचकाने ते माहीत करून घ्यावे, इतके ते मोलाचे आहे.

एकोणिसाव्या शतकात राजांचे शिकारखाने आणि जत्रेतल्या गाड्या यांची जागा सार्वजनिक प्राणिसंग्रहालयांनी घेतली. पॅरिसच्या जार्दां दे प्लांतमधला जिराफ हा त्यातला सर्वांत गाजलेला प्रसंग. इजिप्तचा सुभेदार मुहम्मद अली याने ही मादी फ्रान्सच्या राजाला पाठवली. मान बाहेर काढता यावी म्हणून जहाजाच्या डेकला भोक पाडले होते. मार्सेयला हिवाळा काढल्यावर २० मे १८२७ रोजी ती पायी पॅरिसकडे निघाली. सोबत पंचावन्न वर्षांचे प्राणिशास्त्रज्ञ एत्येन जॉफ्र्वा सेंतिलेर, दुधासाठी गाई, आणि पावसापासून बचावासाठी तिच्या मापाने शिवलेला मेणकापडी झगा. सुमारे पावणेनऊशे किलोमीटर चालून ३० जूनला ती पोहोचली. त्या वर्षी पॅरिसच्या बायकांनी जिराफाच्या उंचीचे केस बांधले आणि कापडांवर, ताटांवर, भिंतीच्या कागदांवर जिराफ उमटला. अठरा वर्षे ती तिथे राहिली आणि सुदानपासून बरोबर आलेला तिचा राखणदार अतीर शिडीवर चढून तिला खरारा करीत राहिला. हजारो लोकांनी जिराफ ‘पाहिला’. जिराफ म्हणजे काय हे बहुधा अतीरलाच कळले असेल.

आशियात गेंड्यांच्या तीन जाती आहेत. त्यांतला सुमात्रन गेंडा आकाराने सर्वांत लहान, दोन शिंगांचा, अंगावर केस असलेला. १८६८ मध्ये चितगावजवळ अशी एक मादी वाळूत रुतलेली सापडली. लोकांनी दोर लावून तिला बाहेर ओढले. १८७२ मध्ये ती लंडनच्या प्राणिसंग्रहालयात गेली, ‘बेगम’ नावाने ओळखली गेली आणि १९०० पर्यंत जगली. तिच्या कानांभोवतीचे लांब केस पाहून ही वेगळीच जात असावी असा तर्क शास्त्रज्ञांनी केला. आता तिचा समावेश सुमात्रन गेंड्यातच, एक उपजात म्हणून होतो. त्याच काळात कलकत्त्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयाचे पहिले भारतीय अधीक्षक रामब्रह्म सान्याल हे पिंजऱ्यातल्या प्रत्येक जनावराचे खाणे, आजार, वागणे बारकाईने टिपत होते. ३० जानेवारी १८८९ रोजी अलिपूरला सुमात्रन गेंड्याचे पिल्लू जन्मले. माणसाच्या देखरेखीखाली झालेल्या समागमातून या जातीचे पिल्लू जन्मल्याची ही पहिली नोंद. सान्याल यांनी १८९२ मध्ये प्राण्यांच्या निगराणीवर ग्रंथ लिहिला. प्रेक्षक जे पाहून घरी जातो आणि विसरतो, ते रोज पाहून लिहून ठेवणारा हा माणूस. पुढे शंभर वर्षांनी जगाला अशाच नोंदींची गरज पडणार होती.

कधी कधी पहिले दर्शनच शेवटचे ठरते, आणि पाहणाऱ्याला ते ठाऊक नसते. दक्षिण आफ्रिकेतला क्वागा हा झेब्र्याचाच एक प्रकार, पण पट्टे फक्त डोके, मान आणि पुढच्या अंगावर. लंडनला असलेल्या एका मादीची पाच छायाचित्रे आहेत. जिवंत क्वागाची दुसरी छायाचित्रे नाहीत. १२ ऑगस्ट १८८३ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात एक क्वागा मेला. तो पृथ्वीवरचा शेवटचा होता हे तेव्हा कोणालाच कळले नाही. याउलट अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयातली मार्था नावाची प्रवासी कबुतराची मादी शेवटची आहे हे सर्वांना ठाऊक होते. तिच्या शंभर वर्षे आधी ज्यांचे थवे तासन्तास आकाश झाकत, अशा अब्जावधी पक्ष्यांतली ती एकटी उरलेली. म्हातारपणामुळे ती फांदीवरून हलत नसे, म्हणून काही प्रेक्षक तिच्या अंगावर वाळू फेकत. पिंजऱ्याभोवती दोर बांधून लोकांना लांब ठेवावे लागले. १ सप्टेंबर १९१४ रोजी ती मेली आणि बर्फाच्या लादीत घालून वॉशिंग्टनच्या संग्रहालयाकडे पाठवली गेली.

याच सिनसिनाटीत गेंड्याची कहाणी पुढे सरकते. जंगलतोड आणि शिंगासाठी होणारी शिकार यांमुळे सुमात्रन गेंडे झपाट्याने घटत होते. १९८४ पासून बारा वर्षांत चाळीस गेंडे पकडून निरनिराळ्या देशांत नेण्यात आले. त्यांपैकी सात अमेरिकेत गेले. बहुतेक मेले, पिल्लू एकही झाले नाही. हा जातीवर झालेला मोठा घाव होता आणि तो प्राणिसंग्रहालयांच्या माहितीअभावी झाला, हे मान्य करायलाच हवे. जंगलात पाला ओरबाडून खाणाऱ्या जनावराला सुकलेल्या गवतावर ठेवले गेले होते. वडा-उंबराच्या कुळातला ताजा पाला विमानाने आणून देऊ लागल्यावर सिनसिनाटीतला इपुह हा नर वाचला. शास्त्रज्ञ टेरी रॉथ यांनी एमी या मादीची रोज सोनोग्राफी केली तेव्हा उलगडा झाला की या जातीच्या मादीचे बीजांड नराशी समागम झाल्यावरच सुटते. एमीचे पाच गर्भ टिकले नाहीत. त्यानंतरच्या गर्भारपणात तिला हार्मोनचे औषध देण्यात आले आणि ४७५ दिवसांनी, १३ सप्टेंबर २००१ रोजी, अंदालास जन्मला. कलकत्त्याच्या पिल्लानंतर तब्बल ११२ वर्षांनी.

अंदालासला २००७ मध्ये सुमात्राला, वाय कांबास राष्ट्रीय उद्यानातल्या गेंडा अभयारण्यात नेले. तिथे २०१२ मध्ये त्याचे पहिले पिल्लू झाले. अंदालासचा धाकटा भाऊ हरापानही सिनसिनाटीतच जन्मला. इंडोनेशियन भाषेत हरापान म्हणजे आशा. २०१५ च्या नोव्हेंबरात तोही सुमात्राला गेला आणि अमेरिका खंडात सुमात्रन गेंडा उरला नाही. जगात आता ही जात पन्नासहूनही कमी उरली असल्याचा अंदाज आहे. जोड्या जुळवायला पर्याय किती तोकडे आहेत ते पाहा: हरापानची जोडी जमवावी लागली ती डेलायलाशी, म्हणजे सख्ख्या भावाच्या मुलीशी. २५ नोव्हेंबर २०२३ च्या शनिवारी सकाळी, अपेक्षित तारखेच्या दहा दिवस आधी, वाय कांबासमधला पहारेकरी फेरीवर असताना त्याला डेलायला पडून असलेली दिसली. शेजारी नुकताच जन्मलेला, पंचवीस किलोंच्या आसपास वजनाचा, केसाळ नर होता. त्याला पहिल्यांदा पाहणारा माणूस तो पहारेकरी.